गरोदरपणातला ताण: कशाला घाबरायचं, कशाला नाही, आणि घरच्यांनी काय उचलायचं

चौथा-पाचवा महिना लागला की गरोदर बाईला एक वाक्य रोज कुणी ना कुणी ऐकवतंच: "टेन्शन घेऊ नकोस गं, बाळावर परिणाम होतो." सांगणारीचा हेतू चांगला असतो. पण हप्त्याची, ड्युटीची, रिपोर्टची काळजी होती ती तिथेच राहते आणि आपल्या काळजीमुळे बाळाला इजा होतेय ही नवी काळजी तिच्यावर चढते. म्हणून आधी भीतीचं माप नीट लावू.

सासूबाईंशी उडालेला खटका, नाशिकच्या द्वारका सर्कलला अडकून पडलेली बस, सोनोग्राफीच्या आदल्या रात्री उडालेली झोप, एखाद्या दिवशी पोटभर रडणं, यांनी बाळाचं काही बिघडत नाही. ताण जड असेल, आठवडेच्या आठवडे उतरत नसेल आणि बाई त्यात एकटी असेल, तर मात्र धोका वाढतो. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की लक्ष घालायला हवं. लक्ष घालायचं म्हणजे तिला "आनंदी राहा" म्हणायचं नाही, तिच्या अंगावरचं काहीतरी खरोखर काढून घ्यायचं. बहुतेक घरांत हेच राहून जातं.

शरीरात काय घडतं

ताण आला की मेंदू मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना इशारा देतो. आधी अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं. छाती धडधडते, हात गार पडतात, तोंड कोरडं पडतं, आणि थोड्या वेळात ते ओसरतं. मागोमाग कॉर्टिसॉल वाढतं, ते उतरायला जास्त वेळ लागतो. गरोदरपणात कॉर्टिसॉल मुळातच वाढलेलं असतं. शेवटच्या तिमाहीत ते एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतं, आणि बाळाची फुप्फुसं तयार व्हायला ते लागतंही. त्याला विष समजायचं कारण नाही.

आईच्या रक्तातलं सगळं कॉर्टिसॉल बाळापर्यंत जातही नाही. वारेत (प्लासेंटात) एक एन्झाइम असतं, ते आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा मोठा भाग निष्क्रिय करून टाकतं. म्हणजे वार गाळणीचं काम करते. दीर्घकाळचा ताण, कुपोषण आणि संसर्ग यांनी या एन्झाइमचं काम मंदावू शकतं, असं प्राण्यांवरच्या आणि काही माणसांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. दुसरी गोष्ट, वार स्वतः सीआरएच नावाचं संप्रेरक बनवते. प्रसूती जवळ येते तसं ते वाढत जातं. एरवी कॉर्टिसॉल वाढलं की मेंदूतलं सीआरएच कमी होतं, वारेतलं मात्र उलट वाढतं. ज्या बायकांमध्ये ते वेळेआधी चढतं, त्यांची प्रसूती ३७ आठवड्यांच्या आत होण्याचं प्रमाण जास्त आढळतं.

पण व्यवहारात ताण बाळापर्यंत पोचतो तो बहुतेकदा याहून साध्या वाटेने. जेवण सुटतं, झोप तुटते, लोहाच्या गोळ्या डब्यातच राहतात, तपासणीची तारीख चुकते, मिश्री लावण्याचं प्रमाण वाढतं. वजन नीट वाढत नाही, रक्त कमी होतं, वाढलेला रक्तदाब वेळेवर सापडत नाही. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ, यामागे या गोष्टींचा हात मोठा असतो. हार्मोनपर्यंत आपला हात पोचत नाही, इथे पोचतो.

जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात बर्फाच्या वादळाने लाखो घरांची वीज गेली, काही ठिकाणी ती कित्येक आठवडे आली नाही. त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांवर संशोधकांनी पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. लहानपणी केलेल्या भाषा आणि बुद्धीच्या चाचण्यांत, ज्यांच्या आईचे प्रत्यक्ष हाल जास्त झाले होते त्या मुलांचे गुण सरासरीने कमी आले. आई मनातून किती घाबरली होती, यापेक्षा तिचे हाल किती झाले, याचा संबंध जास्त घट्ट दिसला. अर्थात ही सरासरी आहे, एखाद्या बाळाचं भविष्य त्यातून सांगता येत नाही. तरी घरच्यांनी यातून एक घ्यावं: तिच्या मनाला उपदेश करत बसण्याऐवजी तिचे हाल कमी करा.

आधी गर्भपात झालेल्या बाईला "तेव्हा तू फार चिडचिड केलीस" असं ऐकवलं जातं. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. भांडणामुळे गर्भ पडला, हे त्या बाईला सांगणं चूक तर आहेच, क्रूरही आहे.

हाल कुठून येतात

नाशिकमध्येच बघितलं तरी हालांचे किती प्रकार. अंबड-सातपूरच्या कारखान्यात आठ तास उभं राहून काम करणारी, त्यात रात्रपाळी. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत विरळणीला हात वर करून दिवसभर उभी असणारी. पेठ-सुरगाण्याहून हंगामाला कामावर आलेली, म्हणजे आशाताई गावात आणि ही बागेतल्या झोपडीत, दोघींची गाठच नाही. उन्हाळ्यात त्र्यंबकेश्वर-पेठच्या पाड्यांवर डोक्यावरून पाणी आणणारी. आणि इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटमध्ये घरूनच ऑफिस करणारी, जिच्याबद्दल सगळ्यांना वाटतं की ही तर घरातच असते.

या सगळ्यांना "रोज अर्धा तास चाला आणि सकारात्मक विचार करा" हा एकच सल्ला देण्यात अर्थ नाही. पाणी वाहणारीला चालण्याची नाही, दुपारी आडवं होण्याची गरज आहे. फ्लॅटमधलीला उलट.

म्हणून सुरुवात वहीपासून करावी. नवरा आणि घरातलं आणखी एक मोठं माणूस सोबत घेऊन पानावर दोन रकाने आखा. डाव्या बाजूला अंगावर पडणारं सगळं लिहायचं, बारीकसारीकसुद्धा: चौथ्या मजल्यावर सामान चढवणं, मोटरसायकलवर खड्ड्यांतून अंबडपर्यंत जाणं, मोठ्या मुलीची शाळा, सासऱ्यांची औषधं, सोसायटीचा हप्ता, "मुलगाच होणार" म्हणणाऱ्या आत्याबाईंचे फोन. उजव्या बाजूला त्यातलं कोण काय उचलणार आणि कोणत्या दिवसापासून. गडबड होते ती याच रकान्यात. "मी मदत करेन" असं लिहिलं की ते काम परत बाईकडेच येतं, कारण आठवण करून देण्याचं काम तिचंच राहतं. "मंगळवार आणि शुक्रवार, रात्रीचा स्वयंपाक, नवरा" असं लिहा. भाकरी येत नसतील तर खिचडी, पण चूल त्या दिवशी तिची नाही. पहिला आठवडा उत्साहाचा असतो, दुसऱ्यात ढिलाई येते. म्हणून पंधरा दिवसांनी वही पुन्हा उघडायची तारीख त्याच पानावर लिहून ठेवा.

काही गोष्टी उजव्या रकान्यात जाणारच नाहीत. कर्ज आजच फिटणार नाही, हंगाम सोडता येणार नाही. त्यांच्यासाठी दिवसातली वीस मिनिटं बांधून टाका, संध्याकाळी सहा ते सहा-वीस म्हणा. त्या वेळात काळजी करायची, बोलायची, आकडे मांडायचे. एरवी काळजी डोक्यात आली तर एक शब्द लिहून ठेवायचा आणि सहापर्यंत सोडून द्यायची. ऐकायला पोरकट वाटतं, पण चिंतेवरच्या उपचारांत हे तंत्र नेहमी वापरलं जातं. फक्त ही वेळ अंथरुणावर नको.

नोकरीचं थोडं नेमकं. प्रसूती रजेच्या कायद्याने, आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या बाईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर रजेचे पैसे ईएसआयकडून येतात. कंत्राटी कामगारांनी हजेरीचे आणि पगाराचे कागद आधीपासून जपून ठेवावेत, नंतर ८० दिवस सिद्ध करताना तेच लागतात. पाळी बदलून हवी असेल किंवा उभ्याचं काम नको असेल, तर तोंडी विनंतीपेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेला अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बागेत काम असेल तर औषध फवारणीच्या दिवशी बागेत जायचं नाही, आणि फवारणीचे कपडेही तिने धुवायचे नाहीत. पैशांच्या ओझ्यावर थोडा उतारा म्हणून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अर्ज अंगणवाडी किंवा आशाताईंमार्फत होतो. आधार, बँक खातं आणि माता-बाल संरक्षण कार्डावरचं नाव जुळत नसल्याने पैसे अडकतात, तेवढं आधीच तपासा.

मुलगा-मुलगी हे बापाच्या शुक्रजंतूवर ठरतं, आईच्या आहारावर की वागण्यावर नाही. लिंगनिदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. घरात यावरून टोमणे चालू असतील तर ते थांबवणं नवऱ्याचं काम, सुनेने सहन करायला शिकण्याचं नाही.

आणि घरात मारहाण होत असेल तर श्वासाचे व्यायाम हा त्यावरचा इलाज नव्हे. १८१ महिला मदत क्रमांक आहे, तातडीला ११२. तपासणीच्या वेळी डॉक्टरांशी किंवा सिस्टरांशी एकटीने बोलायचं आहे असं सांगता येतं, आणि तो हक्क आहे.

आधी रक्त तपासा

धडधड, धाप, चिडचिड, गळून गेल्यासारखं वाटणं, कशात लक्ष न लागणं. यादी ताणाची वाटते, पण हीच यादी रक्त कमी असल्याचीही आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि आपल्याकडे तो घरोघरी आहे. थायरॉईड कमी असेल तर उदासी आणि सुस्ती, जास्त असेल तर घाम, थरथर आणि जीव घाबरा होणं. शाकाहारी बायकांत बी-१२ कमी असण्याची शक्यता वेगळीच. म्हणून मनाच्या उपायांआधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बघून घ्यावं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांची मोफत तपासणी होते, तिथे हे विचारता येतं.

सरकारी लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, किमान १८० दिवस. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. दोन्ही एकत्र घेतल्या की लोह नीट शोषलं जात नाही, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. चहासोबत लोहाची गोळी घेणं म्हणजे ती जवळजवळ वाया घालवणं, चहा गोळीच्या तासभर आधी किंवा नंतर. लिंबूपाण्यासोबत उत्तम. मळमळते म्हणून गोळी बंद करणाऱ्या बऱ्याच असतात. त्यांनी ती रात्री जेवणानंतर घेऊन बघावी, आणि तरी सोसत नसेल तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नका.

उपाशीपोटीही थरथर, घाम आणि चिडचिड होते आणि तिला टेन्शन म्हटलं जातं. दिवसा चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवू नका. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास, ग्रहणात तासन्‌तास पाण्यावाचून एका जागी बसणं, यांना वैद्यकीय आधार काही नाही. देवाची क्षमा मागायची सोय आपल्या परंपरेत भरपूर आहे, ती वापरावी.

श्वास, स्नायू, चालणं

आरामात बसा, पाठीला टेकू, पाय जमिनीवर. नाकाने श्वास आत घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. मध्ये रोखायचा नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. लांब सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती कमी करणाऱ्या मज्जातंतूंचं काम वाढतं, म्हणून भर सोडण्यावर.

चुका तीन होतात. पहिली, श्वास फार खोल आणि जोरात घेणं. त्याने ओठ-बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, गरगरतं. तसं झालं तर श्वास छोटा करा, मोजणी तीन-चार वर आणा. दुसरी, सातव्या महिन्यानंतर "पोट फुगवा" या सूचनेशी झटणं. तेव्हा पोटात जागाच नसते. तळवे बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि त्या बाजूला फुलताहेत का बघा. तिसरी, घाबरगुंडी उडाल्यावरच पहिल्यांदा करून बघणं. शांत असताना दोन आठवडे सराव झालेला असेल तरच तो अडचणीच्या वेळी उपयोगी पडतो. भ्रामरी चालेल. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरण्याचे प्रकार गरोदरपणात नकोत.

रात्री कुशीवर पडून स्नायू सैल करण्याचा व्यायाम करता येतो. पायाची बोटं आपल्याकडे ओढा, पाच सेकंद ताण धरा, मग सोडा आणि पंधरा सेकंद त्या सैलपणाकडे लक्ष द्या. मग मांड्या, मुठी, खांदे कानांपर्यंत, शेवटी चेहरा. पोट वगळा. बोटं पुढे ताणून टाच मागे घेऊ नका, त्याने पोटरीत गोळा येतो आणि झोपेचं खोबरं होतं.

बैठं काम असेल तर आठवड्याला एकूण १५० मिनिटं चालणं पुरे, सलग नाही जमलं तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे. गती अशी की बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. गोल्फ क्लब मैदान किंवा कृषीनगरचा ट्रॅक सपाट असल्याने बरा, गोदाघाटाच्या ओल्या पायऱ्या नकोत. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत. रक्तस्राव, पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं किंवा पोट ठरावीक अंतराने घट्ट होणं यातलं काही झालं तर तिथेच थांबून दवाखाना. वार खाली असणं, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असणं अशा कारणांनी डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

गर्भसंस्काराची गाणी आवडत असतील तर जरूर ऐका. पण बाळ हुशार व्हावं म्हणून पहाटे पाचला उठून ऐकायची सक्ती असेल, तर ती झोप बाळाच्या जास्त कामाची होती.

झोप आणि मोबाईल

२८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपावं, डावी कूस पहिली पसंती. उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये, एक छोटी पोटाखाली. उताणं झाल्याचं मध्येच लक्षात आलं तर कूस बदला, बस्स. त्यावरून काळजी करत जागू नका. दिवसभरात कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं, म्हणजे साधारण दोन-तीन कप चहा, आणि दुपारी चारनंतर नको. पाणी दिवसा भरपूर, रात्री आठनंतर बेताने. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसा, झोप आली की परत या. पाय सारखे वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं होत असेल तर लोह तपासा, त्यामागे बऱ्याचदा तेच असतं.

रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला रिपोर्ट त्याच वेळी गुगलवर टाकणं हा या पिढीचा खास ताण. चाळणी चाचणीत "हाय रिस्क" आलं म्हणजे बाळात दोष आहे असं नव्हे, पुढची पक्की तपासणी करायची आहे एवढाच त्याचा अर्थ. साखरेच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी आकडा १४० किंवा वर आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात, आणि बऱ्याच बायकांत तो आहार आणि चालण्यानेच आटोक्यात राहतो. रिपोर्ट उघडायचा तो डॉक्टर भेटणार असतील त्या दिवशी, आणि सोबत तीन प्रश्न लिहून न्यायचे: याचा अर्थ काय, पुढे काय करायचं, कोणत्या लक्षणावर लगेच यायचं.

बाळाची हालचाल मोजण्याचंही तसंच. २८ आठवड्यांनंतर रोज एका ठरलेल्या वेळी, जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या की मोजणं संपलं. दिवसभर मोजत बसलात तर चिंताच वाढेल. दहा झाल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा हालचाल स्पष्ट कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा.

प्रसूतीच्या रात्रीची धास्ती कागदावर उतरवली की निम्मी होते. ३४ व्या आठवड्यापर्यंत ठरवून ठेवा: कोणतं रुग्णालय, ते बंद किंवा भरलेलं असेल तर दुसरं कोणतं, गाडी कुणाची, तो नसेल तर कोण, रक्त देणारे दोघं, मोठ्या मुलाजवळ कोण. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक फोनमध्ये. पेठ-सुरगाण्याच्या घाटातून ऐन वेळी निघण्याऐवजी काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' असतं, तिथे प्रसूतीच्या काही दिवस आधी येऊन राहता येतं. आपल्या केंद्रात ते आहे का, हे आशाताईंना विचारून ठेवा. शहरात राहत असाल तर सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवशी पंचवटी-रामकुंडाकडचे रस्ते बंद असतात, तारीख त्या आसपास असेल तर रुग्णालय नदीच्या आपल्याच बाजूचं निवडा.

हे टेन्शन नव्हे

जोराची, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधुक दिसणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्या-हातांवर अचानक सूज: २० आठवड्यांनंतर ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं असू शकतात. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल तर ते तातडीचं काम. बसल्याजागी धाप, छातीत दुखणं, रक्तस्राव, पाणी जाणं, ताप, आकडी यातही तसंच. "घाबरली असेल, लिंबूपाणी द्या" म्हणत घालवलेला तास इथे महाग पडतो.

ताण आजार होतो तेव्हा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार विकसनशील देशांत गरोदर बायकांपैकी सुमारे १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के बायकांना मानसिक आजार असतो, त्यात नैराश्य सर्वांत जास्त. म्हणजे हे दर गल्लीत आहे, बोललं जात नाही इतकंच.

ओळखायला दोन प्रश्न पुरतात. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, निराश आहे का? आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही, असं आहे का? एकाचंही उत्तर हो असेल तर पुढची तपासणी हवी. त्यासाठी एडिंबरा प्रश्नावली वापरतात. ती १९८७ ची आहे, दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, एकूण गुण ३०. साधारण १३ किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता बरीच धरतात, आणि १० पासूनच लक्ष ठेवतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी मदत घ्यायची आणि तिला एकटं ठेवायचं नाही.

मदत म्हणजे लगेच गोळ्याच असं नाही. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात गावातल्याच आरोग्य सेविकांना शिकवून त्यांनी नैराश्य असलेल्या गरोदर बायकांना घरी जाऊन भेटायचं, विचारांची गाठ सोडवायला मदत करायची, असा प्रयोग झाला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्या गटात २३ टक्के बायका नैराश्यात होत्या, नेहमीच्या गृहभेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. त्या सेविका मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. ठरावीक दिवशी यायच्या, ऐकायच्या, छोटं काम ठरवून द्यायच्या आणि घरातल्यांनाही बोलण्यात ओढायच्या. आपल्या घरातली वहिनी किंवा मावशी एवढं करू शकते, फक्त तिने सल्ले कमी द्यावेत.

टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे जायला लाज वाटत असेल तर आधी आपल्या प्रसूतितज्ज्ञांनाच सांगा, चिठ्ठी तेच देतील.

औषधांबद्दल दोन टोकं दिसतात आणि दोन्ही घातक. एक, दिवस राहिल्याचं कळताच आधीपासून चालू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करणं. अचानक बंद केल्याने त्रास होतो आणि आजार उलटतो, आणि उपचाराविना राहिलेलं नैराश्यही बाळासाठी निर्धोक नाही. सर्ट्रालीनसारखी काही औषधं गरोदरपणात डॉक्टर विचारपूर्वक देतात. दुसरं टोक, शेजारणीची झोपेची गोळी घेणं. व्हॅल्प्रोएट हे फिट्स आणि मूड यांवरचं औषध मात्र गर्भाच्या मणक्याला आणि मेंदूला अपाय करतं. ते चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यायला हवं. दिवस राहून गेले असतील तर ते स्वतः बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मिश्री किंवा तंबाखूने "डोकं शांत होतं" म्हणणाऱ्या बायका खूप आहेत. निकोटीनने रक्तवाहिन्या आखडतात, बाळाचं वजन कमी भरतं, मृत बाळ जन्मण्याचा धोका वाढतो. एकदम सोडताना पहिला आठवडा चिडचिडीचा जातो, तेव्हा सकाळची मिश्रीची वेळ दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते. त्या आठवड्यात घरच्यांनी तिच्या तोंडाला लागू नये.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं साधारण असतं, दोन आठवड्यांत ते जातं. त्यापुढे टिकलं तर वरचे दोन प्रश्न पुन्हा विचारा. पण पहिल्या काही दिवसांतच तिची झोप पूर्ण उडाली, ती असंबद्ध बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले किंवा बाळाबद्दल विचित्र खात्रीने काही सांगू लागली, तर तो बाहेरचा प्रकार नव्हे. अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता तिला आणि बाळाला एकत्र, सोबत एक जागं माणूस देऊन, त्याच रात्री रुग्णालयात न्या.